संरक्षक रिले : दोष दिसला तरच पुरवठा तुटतो

दिल्लीच्या ग्रीन पार्क भागातील उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे शंभर जण जखमी झाले. बळी ज्वाळांनी नव्हे, तर धुराने घेतले. या दुर्घटनेची चर्चा आजही प्रामुख्याने बंद दरवाजे, अडवलेल्या वाटा आणि वर्षानुवर्षे चाललेले खटले यांभोवती फिरते आणि ते योग्यच आहे. मात्र त्या आगीचा उगम इमारतीच्या तळमजल्यावर, वाहनतळालगतच्या खोलीत, तेव्हाच्या दिल्ली विद्युत मंडळाच्या १००० केव्हीए क्षमतेच्या रोहित्राजवळ झाला होता. वीजवितरणाच्या साधनांची उभारणी आणि त्यांवरील संरक्षण यांचा संबंध किती निकटचा असतो, हे सांगणारे याहून बोलके उदाहरण भारतात क्वचितच सापडेल.

त्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास याच रोहित्राने एकदा पेट घेतला होता. आग विझवण्यात आली. लघुदाबाच्या बाजूच्या काही केबलींची टोके जळालेली आढळली. दुपारपूर्वी बी-फेजच्या केबलींची दोन सॉकेटे बदलून पुरवठा पूर्ववत करण्यात आला. सॉकेट केबलवर घट्ट दाबून बसवण्यासाठी क्रिम्पिंग यंत्र वापरायचे असते. येथे ते काम छाप आणि हातोडा यांनी उरकण्यात आल्याचे पुढे न्यायालयासमोर आले. सायंकाळी भारनियमन संपून पुरवठा पुन्हा सुरू झाल्यावर सैल जोडाजवळ ठिणग्या उडू लागल्या. सॉकेट जळून केबल निसटली आणि रोहित्राच्या रेडिएटरवर टेकली. तेथे झालेल्या ठिणगीने रेडिएटरच्या पात्याला छिद्र पडले, तापलेले तेल बाहेर आले आणि पेटले. ते वाहनतळाकडे वाहत गेले, मोटारी पेटल्या आणि जिन्याच्या पोकळीतून वर चढलेला धूर बाल्कनीत कोंडला.

तज्ज्ञांच्या अहवालांत आणखी एक बाब नोंदली गेली. चित्रपटगृहातील उच्चदाब पॅनेलवरच्या तेल-सर्किट ब्रेकरना अतिप्रवाह आणि भूदोष यांपासून संरक्षण देणारे रिले नव्हते. रोहित्रावर बुखोल्झ रिलेही नव्हता. पुरवठा अखेरीस तुटला तो तेथून दूर, एम्सजवळच्या ३३ केव्ही ग्रिड उपकेंद्रात, सायंकाळी ५ वाजून ५ मिनिटांनी. तोपर्यंत तेल पेटलेले होते.

रिले काय करतो

रिले स्वतः वीज तोडत नाही. तो मोजतो आणि आज्ञा देतो. वाहिनीतील शेकडो अँपिअरचा प्रवाह विद्युतधारा रोहित्र, म्हणजे बोलीतील ‘सीटी’, १ किंवा ५ अँपिअरच्या प्रमाणात खाली आणते. हा छोटा प्रवाह रिलेकडे जातो. ठरवून दिलेली मर्यादा ओलांडली गेली, की रिलेचा संपर्क जुळतो, उपकेंद्रातील बॅटरीची वीज ब्रेकरच्या ट्रिप कॉइलला मिळते आणि ब्रेकर उघडतो. या साखळीत सीटी, रिले, बॅटरी, ट्रिप कॉइल आणि ब्रेकर अशा पाच कड्या आहेत. त्यांतील कोणतीही एक निकामी असली तरी उरलेल्या चार निरुपयोगी ठरतात. बॅटरीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. कारण रोजच्या कामकाजात तिच्यावाचून काही अडत नाही. तिची खरी गरज अशा क्षणी लागते, जेव्हा मुख्य पुरवठ्याचा दाबच कोसळलेला असतो.

अतिप्रवाह रिलेचा सर्वत्र आढळणारा प्रकार ‘व्यस्त वेळेचा’ असतो. प्रवाह जितका मोठा, तितका प्रतीक्षाकाळ कमी. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या प्रमाणित वक्रानुसार, वेळगुणक १ ठेवला असता मर्यादेच्या दुप्पट प्रवाहाला रिले सुमारे १० सेकंदांनी आणि दहापट प्रवाहाला सुमारे ३ सेकंदांनी आज्ञा देतो. जुन्या उपकेंद्रांत हे काम ॲल्युमिनियमची फिरती चकती करीत असे. वीजमापकात फिरताना दिसे तशीच ती चकती. आता बहुतेक ठिकाणी सूक्ष्मप्रक्रियकावर चालणारे अंकीय रिले आले असले, तरी वक्र तोच आहे.

हा विलंब मुद्दाम ठेवलेला असतो. ३३/११ केव्ही उपकेंद्रातून निघणाऱ्या एका फिडरवर दोष झाला, तर फक्त त्याच फिडरचा ब्रेकर पडावा. त्याच्या मागचा, संपूर्ण गाव अंधारात टाकणारा ब्रेकर पडू नये, अशी अपेक्षा असते. त्यासाठी मागच्या रिलेला पुढच्यापेक्षा साधारण ०.३ ते ०.४ सेकंद अधिक थांबायला लावतात. उपहारच्या बाबतीत ही उतरंड उलटी पडली होती. दोषाच्या सर्वांत जवळचे संरक्षण अस्तित्वातच नव्हते, म्हणून दूरच्या ब्रेकरवर भिस्त आली. आणि दूरच्या ब्रेकरला दोष नेहमी उशिरा आणि अंधुक दिसतो.

बुखोल्झ रिलेचे तत्त्व वेगळे आहे. जर्मन अभियंता मॅक्स बुखोल्झ यांनी १९२१ मध्ये त्याचे एकस्व घेतले. मुख्य टाकी आणि वरची तेलसाठ्याची छोटी टाकी यांना जोडणाऱ्या नळीत तो बसवतात. आत दोन तरंगणारे भाग असतात. रोहित्राच्या पोटात बारीक ठिणग्या पडू लागल्या, की तेलाचे विघटन होऊन वायू तयार होतो, रिलेच्या कप्प्यात साठतो आणि वरचा तरंगक खाली येऊन धोक्याची घंटा वाजते. मोठा दोष झाल्यास तेलाचा लोंढा खालचा भाग ढकलतो आणि ब्रेकर पडतो. तेल गळून पातळी खालावली तरी हेच दोन टप्पे क्रमाने घडतात. विजेच्या प्रवाहात काहीही वावगे दिसत नसताना आजार ओळखणारे हे साधन शंभर वर्षांनंतरही टिकून आहे. वायू काढून घेऊन तपासला, तर दोषाचे स्वरूपही कळते.

सैल जोड आणि रिलेची मर्यादा

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगणे आवश्यक आहे. उपहारमध्ये मूळ दोष होता तो सैल जोडाचा, आणि सैल जोड अतिप्रवाह रिलेला दिसत नाही. जोडातून जाणारा प्रवाह नेहमीचाच असतो. वाढते ती उष्णता. १००० केव्हीएच्या रोहित्रातून पूर्ण भारावर लघुदाबाच्या बाजूला प्रत्येक फेजमध्ये सुमारे १३०० ते १४०० अँपिअर वाहतात. एखाद्या जोडातून १००० अँपिअर जात असतील आणि तेथे केवळ एक सहस्रांश ओहम इतका रोध निर्माण झाला असेल, तर त्या मूठभर जागेत १००० वॉट उष्णता सतत तयार होते, म्हणजे पूर्ण तापलेल्या इस्त्रीइतकी. त्या उष्णतेने धातू प्रसरण पावतो, थंड झाल्यावर आकुंचतो, जोड आणखी सैल होतो, रोध आणखी वाढतो. रिलेच्या दृष्टीने या संपूर्ण काळात सारे सुरळीत असते.

त्यामुळे योग्य मापाचे सॉकेट, त्यासाठीचेच क्रिम्पिंग यंत्र, नट आवळण्याचे ठरलेले बल, ॲल्युमिनियम आणि तांबे एकत्र येतात तेथे द्विधातू वॉशर आणि केबलचे वजन जोडावर न येऊ देणारे क्लॅम्प यांना पर्याय नाही. उपहारमध्ये केबलींना असा आधार नसल्याचेही अहवालांत नमूद आहे. भार असताना उष्णताचित्रक कॅमेऱ्याने पॅनेल पाहिले, तर असा जोड ठळकपणे दिसून येतो. ती सोय नसेल, तेथे रंग बदललेले आवरण आणि जळका वास याच खुणा उरतात. अनुभवी तारतंत्री त्या दुर्लक्षित करीत नाहीत.

अर्थिंगचे गणित

घरगुती आणि छोट्या व्यावसायिक जोडण्यांत सर्वाधिक गैरसमज भूसंपर्कनाविषयी, म्हणजे अर्थिंगविषयी आहेत. ‘अर्थिंग केले आहे, एमसीबी बसवला आहे, म्हणजे धोका नाही’ असे मानले जाते. साधे गणित वेगळे सांगते.

समजा, एका घराच्या अर्थिंगचा रोध १० ओहम आहे आणि गल्लीतील रोहित्राच्या न्यूट्रलच्या अर्थिंगचा २ ओहम. धुलाई यंत्रातील फेजची तार आवरणाला चिकटली. दोषप्रवाहाला घरातून जमिनीत आणि जमिनीतून रोहित्राकडे परतायचे आहे. २३० व्होल्टला १२ ओहमने भागले, तर सुमारे १९ अँपिअर येतात. त्या परिपथावर १६ अँपिअरचा एमसीबी असेल, तर तो तासाभरातही पडेलच याची हमी नाही. मानकानुसार तशी हमी अंकित मूल्याच्या १.४५ पटीला, म्हणजे सुमारे २३ अँपिअरला मिळते. ३२ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने तर हा नेहमीचा भार झाला. दरम्यान यंत्राच्या पत्र्यावर १९० व्होल्टच्या आसपास दाब उभा असतो. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, दोघेही आपापल्या परीने शाबूत आहेत आणि तरीही पत्रा जिवंत आहे.

ही पोकळी भरून काढण्यासाठी अवशिष्ट प्रवाहावर चालणारा ब्रेकर, म्हणजे आरसीसीबी, असतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढेच तो पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो तोडतो. वरील उदाहरणात १९ अँपिअरचा फरक म्हणजे त्याच्या मर्यादेच्या सहाशे पटींहून अधिक; माणसाचा हात लागण्यापूर्वीच पुरवठा बंद होतो. अर्थिंग तुटलेले असेल, तर तो माणसाच्या शरीरातून गेलेल्या प्रवाहावर काम करतो, मात्र तेव्हा झटका बसलेला असतो. फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारा दोन हातांनी धरल्या आणि पाय कोरडे असले, तर मात्र आरसीसीबीला फरक दिसत नाही.

आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो वगळून जोडणी सरळ केल्याची उदाहरणे घरोघर आढळतात. बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसतो. वायरिंग करताना एका परिपथाची फेज आणि शेजारच्या परिपथाची न्यूट्रल वापरलेली असते, किंवा न्यूट्रल आणि अर्थ कोठेतरी एकत्र केलेले असतात. ब्रेकर खरे तेच सांगत असतो. हीच गोष्ट गल्लीतील वितरण पेटीत मोठ्या प्रमाणावर घडते. किटकॅट फ्यूजमध्ये योग्य जाडीच्या तारेऐवजी तांब्याच्या तारेचे तीन-चार पदर पिळून टाकले, की तक्रारी थांबतात आणि त्याबरोबर संरक्षणही संपते.

अर्थिंगचा रोध जमिनीवर अवलंबून असतो. काळ्या, ओलावा धरणाऱ्या मातीत तो सहज कमी येतो. कोकण आणि गोव्यातील जांभ्यात किंवा दख्खनच्या कातळावर तेच इलेक्ट्रोड उन्हाळ्यात कितीतरी अधिक रोध दाखवते. म्हणून मोजमाप मे महिन्यात घ्यावे. ऑगस्टमधील आकडा फारसे काही सांगत नाही. भारतीय मानक ३०४३ मध्ये इलेक्ट्रोडचे प्रकार, अंतरे आणि मोजण्याची रीत दिलेली आहे. २५० व्होल्टहून अधिक दाबाच्या यंत्रांच्या धातूच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या बंधनकारक आहेत. एक तुटली तरी दुसरी राहावी, हा त्यामागचा हेतू.

जमिनीवर पडलेली तार

अकरा केव्हीची उपरी तार तुटून पडली, की ‘लाइन आपोआप बंद होते’ ही समजूत अनेकांच्या जिवावर बेतली आहे. ओल्या गवतावर किंवा ओल्या मातीवर पडलेल्या तारेतून काही दशक अँपिअर वाहू शकतात. कोरडी वाळू, डांबरी रस्ता किंवा कोरडे काँक्रीट यांवर पडली, तर प्रवाह जवळजवळ शून्य असतो. भूदोष रिलेची मर्यादा सीटीच्या टक्केवारीत ठरवतात. ४०० अँपिअरच्या सीटीवर २० टक्के ठेवले, तर ती ८० अँपिअर होते. ८० अँपिअरची वाट पाहणाऱ्या रिलेला डांबरावर पडलेली तार दिसणारच नाही. जमीन आणि त्या तारेमध्ये मात्र सुमारे ६३५० व्होल्ट असतात.

मर्यादा खाली आणावी, तर तिन्ही फेजवरील भाराच्या नैसर्गिक असमतोलानेच फिडर पडू लागतो. पावसाळ्यात भिजलेल्या इन्सुलेटरवरून होणारी गळती वेगळीच. अभियंत्यांना या दोहोंमध्ये जागा शोधावी लागते. तार खाली न पडू देणे हा उत्तम उपाय असून तो रिलेचा नव्हे, उभारणीचा भाग आहे. गाळ्यांची योग्य लांबी, नेमका ताण, गंजलेल्या तारांची वेळेवर बदली आणि फांद्यांची छाटणी ही कामे त्यात येतात. नागरिकांच्या बाजूने नियम एकच. पडलेल्या तारेजवळ जाऊ नये, गुरांनाही जाऊ देऊ नये आणि उपकेंद्राला कळवावे. तारेभोवतीच्या जमिनीवरही दाबाचा उतार असतो. दोन पावलांमधील फरक प्राणघातक ठरू शकतो. गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांतील अंतर अधिक असल्याने त्यांचा बळी आधी जातो.

याच्या उलट चूकही घडते. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर भारताचे ग्रिड कोसळले, तेव्हा ४०० केव्हीची बीना-ग्वाल्हेर वाहिनी पडली होती. तीवर कोणताही दोष नव्हता. भार इतका वाढला होता, की अंतरमापक रिलेच्या तिसऱ्या क्षेत्राला तो दूरच्या दोषासारखा भासला. रिले आपल्या मांडणीप्रमाणे अचूक वागला. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलै रोजी, उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिड बंद पडली. चौकशी समितीने संरक्षण मांडणीच्या सर्वंकष तपासणीची शिफारस केली, ती यातूनच.

जागेचे नियम

भारतीय वीज नियम, १९५६ आणि त्यांच्या जागी आलेले केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे सुरक्षा विनियम यांत स्विचबोर्डभोवतीच्या जागेविषयी एक चमत्कारिक वाटणारी तरतूद आहे. समोर किमान १ मीटर मोकळी जागा हवी. मागील बाजूस उघड्या जोडण्या असतील, तर मागची जागा २० सेंटिमीटरहून कमी तरी असावी किंवा ७५ सेंटिमीटरहून अधिक तरी. मधली मापे चालत नाहीत. कारण सरळ आहे. २० सेंटिमीटरमध्ये माणूस शिरूच शकत नाही, ७५ मध्ये तो वळून बाहेर पडू शकतो. ४० किंवा ५० सेंटिमीटरच्या फटीत तो शिरतो आणि अडकतो. मागे ७५ सेंटिमीटरहून अधिक जागा असेल, तर दोन्ही टोकांकडून १.८ मीटर उंचीपर्यंत मोकळी वाट हवी. प्रत्यक्षात या वाटेत झाडू, रंगाचे डबे आणि जुनी कागदपत्रे ठेवलेली आढळतात.

निवासी आणि व्यापारी इमारतींच्या आत केवळ कोरड्या प्रकारचे रोहित्र वापरावे, असेही २०१० च्या विनियमांनी ठरवले. उपहारच्या काळात अशी तरतूद असती, तर पेटून वाहत जाणारे तेलच तेथे नसते. २०२३ मध्ये नवे विनियम लागू झाले. वीज कायदा, २००३ च्या कलम ५३ ने प्राधिकरणाला हा अधिकार दिला आहे, तर कलम १६२ अन्वये नेमलेल्या विद्युत निरीक्षकांकडे तपासणीचे काम असते.

रिले बसवणे आणि तो चालतो हे सिद्ध करणे ही दोन वेगळी कामे आहेत. केवळ रिलेला कृत्रिम प्रवाह देऊन चाचणी घेतली, तर सीटीची उलटी जोडणी किंवा तुटलेली तार उघडकीस येत नाही. त्यासाठी मुख्य वाहकातून प्रवाह सोडून शेवटी ब्रेकर प्रत्यक्ष पडतो का, हे पाहावे लागते. सीटीची दुय्यम बाजू वाहिनी चालू असताना कधीही उघडी ठेवू नये; तिच्या टोकांशी हजारो व्होल्ट निर्माण होऊ शकतात. रिले बदलताना अपघात होतात ते बहुधा येथेच.

वाहिनीवर काम करणाऱ्यांसाठी रिलेवर विसंबणे हा पर्यायच नसतो. ब्रेकर बंद करून, आयसोलेटर उघडून आणि परमिट घेऊनही तार जिवंत होऊ शकते. एखाद्या दुकानातील जनित्र किंवा इन्व्हर्टर चुकीच्या जोडणीमुळे उलट दिशेने वीज पाठवू लागला, की गल्लीतील रोहित्र तीच वीज वर चढवून ११ केव्हीच्या तारेवर पोहोचवते. उपकेंद्रातील रिलेच्या मार्गात हा प्रवाह येतच नाही. म्हणून दाबदर्शकाने तार मृत असल्याची खात्री करून, कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तिन्ही तारा डिस्चार्ज रॉडने एकमेकींशी आणि जमिनीशी जोडल्यावरच खांबावर चढतात. रॉडचे अर्थाचे टोक आधी बसवतात, तारेकडचे नंतर; काढताना क्रम उलटा.